बारा क्रमांकाचा गुलमोहर

१ सप्टेंबर, रविवार

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चोपन्न वर्षे पाच महिने, एका गोदाम कंपनीत साठा-तपासनीस, आणि आज सकाळच्या सभेपासून आमच्या वसाहतीच्या वृक्षसमितीचा सचिव. समितीत मी एकटाच असल्यामुळे निवड एकमताने झाली. मधल्या रस्त्यावरील गुलमोहरांपैकी रोगट झाडे काढून त्यांच्या जागी नवी लावायची आहेत. ते काम कसे पार पडले याची नोंद माझ्यापाशी असावी, एवढाच या वहीचा उद्देश. वही खाजगी आहे. ती माझ्या टेबलाच्या डाव्या खणात राहील आणि माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही.

वसाहतीत मला ‘ऑडिटर’ म्हणतात. मी ऑडिटर नाही. परंतु लोकांनी आदराने दिलेले नाव नाकारणे बरे दिसत नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

वृक्षतज्ज्ञांचा अहवाल आला. मागच्या आठवड्यात ते पाहणीला आले तेव्हा मी कामावर होतो. मोजमापाची फीत धरायला कोणी नव्हते म्हणून पत्नी दिवसभर त्यांच्याबरोबर फिरली. अहवालानुसार प्रवेशद्वारापासून मोजल्यास एकूण झाडे चोवीस, सर्व गुलमोहर, सर्व एकाच वर्षी लावलेले. पैकी क्रमांक ३, १२, १७ आणि २१ आतून पोखरलेली असून ती काढावीत. पालिकेची परवानगीही याच चार क्रमांकांची आहे.

मी लगेच खाली जाऊन मोजणी केली. झाडे तेवीस भरली. पुन्हा मोजली, तेवीस. तिसऱ्या वेळी उलट बाजूने मोजली, तरी तेवीसच. माणूस झाडांचा डॉक्टर असला तरी बेरीज ही वेगळी विद्या आहे.

४ सप्टेंबर, बुधवार

चूक सापडली. तज्ज्ञांनी खोडांवर खडूने आकडे घातले होते. आठव्या झाडाचे बूड एक असून गुडघ्याच्या उंचीवर त्याची दोन खोडे होतात. त्यांनी एका खोडावर आठ आणि दुसऱ्यावर नऊ घातला होता. बूड एक, मुळे एक, तर झाडही एकच. एका मालाची दोनदा नोंद झाली की साठा फुगतो, हे गोदामातला नवखा कारकूनही जाणतो.

ओल्या फडक्याने सगळे खडू पुसले. पत्र्याच्या चौकोनी पट्ट्यांवर काळ्या रंगाने एक ते तेवीस आकडे रंगवले आणि सुती दोरीने प्रत्येक झाडाला, जमिनीपासून बरोबर पाच फुटांवर, रस्त्याच्या बाजूने त्या बांधल्या. काढायच्या चार झाडांना पिवळा पट्टा मारला. पत्नी दोरीचे रीळ घेऊन मागोमाग होती.

“अहो, त्यांनी घातलेले आकडे पुसताय कशाला?”

“चुकीचे होते म्हणून.”

“आणि मग जुळ्याच्या पुढच्यांचं काय?” ती त्या दोनखोडी झाडाला जुळं म्हणते.

“पुढच्यांचे आकडेही आता ओळीने आहेत,” मी तिचे समाधान केले. दोरीची गाठ आवळत ती म्हणाली, “ते डॉक्टर बाकाजवळच्या झाडाला फार वेळ कान लावून उभे होते हो.” बाकाजवळचे झाड अकरा क्रमांकाचे आहे आणि यादीत नाही. माणूस कुठे किती वेळ उभा राहिला यावरून निष्कर्ष काढता येत नाहीत, हे मी तिला सांगितले.

८ सप्टेंबर, रविवार

मास्तरीणबाई भेटायला आल्या. सेवानिवृत्त शिक्षिका, तळमजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहतात. बारा क्रमांकाचे झाड त्यांच्या खिडकीसमोर आहे. त्याच्या खालच्या फांदीला त्यांनी फळा टांगला असून रोज दुपारी तीन ते साडेचार, वसाहतीत घरकामाला येणाऱ्या पाच जणींना त्या लिहायला-वाचायला शिकवतात. वर्गाला सभेची परवानगी नाही. पण मनाई केल्याचीही नोंद नाही.

“ऑडिटरसाहेब, माझ्या झाडाला पिवळा पट्टा का?”

“झाड वसाहतीचे आहे, बाई.”

“बरं, वसाहतीच्या झाडाला का?”

“आतून पोकळ आहे.”

“तुम्ही आत जाऊन आलात?”

मी अहवाल दाखवला. त्यांनी तो चष्मा काढून वाचला, चष्मा लावून वाचला. “चाळीस वर्षं मुलं तपासली मी,” त्या म्हणाल्या. “आजारी मूल आणि आळशी मूल, लांबून ओळखते. हे झाड दोन्ही नाही. पानं बघा. साल बघा. ते गेलं तर माझ्या पाचजणी बसतील कुठे? माझ्या खोलीत? तीन वाजता तिथे पापड भाजून निघेल.”

“नवे झाड लावूच.”

“ते सावली देईपर्यंत मी फोटोत असेन.”

भावना समजू शकतो, परंतु अहवाल हा अहवाल असतो, असे मी म्हणालो. जाताना त्या दारात थांबल्या. “माझ्या पाचजणींपैकी एकीने परवा पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं. त्या फळ्यावर. तेवढं तुमच्या नोंदीत घाला.”

घातले.

११ सप्टेंबर, बुधवार

दोन किरकोळ गोष्टी. या वहीची खूणफीत मी रविवारच्या पानावर ठेवली होती, ती आज तीन पाने मागे सापडली. खण बंद असताना वारा कसा लागला, कळत नाही.

दुसरे असे की, माझे सासरे गेली सहा वर्षे आमच्याकडे असून रोज सकाळी आठ ते दहा बाकावर वर्तमानपत्र वाचतात. परवापासून त्यांची खुर्ची आमच्या व्हरांड्यात आली आहे. विचारले तर म्हणाले, “पोरगी म्हणते बाकावर ऊन येतं. ऊन कुठलं! पण तिच्याशी वाद घालायचं वय राहिलं नाही माझं. तुमचं आहे का?”

माझेही नाही, असे मी म्हणालो. बाकावर ऊन येत नाही. मी दोन दिवस पाहिले.

१४ सप्टेंबर, शनिवार

शुभारंभ. तोडणीचे मुकादम चार माणसे, दोर आणि यांत्रिक करवत घेऊन सात वाजता आले. बुटके, मितभाषी गृहस्थ. आधी फांद्या दोराने बांधून एकेक खाली सोडल्या, मग खोडाचे तुकडे केले. तीन क्रमांकाचे झाड कापले तेव्हा आत हात कोपरापर्यंत जाईल एवढी पोकळी निघाली आणि ओली, काळी भुकटी. बघ्यांतून ‘अरे बापरे’ असा आवाज झाला. वसाहतीच्या अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “ऑडिटर, तुमचं काम म्हणजे काम!”

मी मान्य करतो की मला आनंद झाला. मास्तरीणबाई खिडकीत होत्या. त्यांनी पोकळी पाहावी म्हणून मी एक ओंडका त्यांच्या बाजूला वळवून ठेवायला सांगितले. आता लिहिताना ते तितकेसे शोभले नाही असे वाटते.

१६ सप्टेंबर, सोमवार

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अकरा क्रमांकाच्या झाडाची मांडीएवढी जाड फांदी तुटून थेट बाकावर पडली. बाकाच्या पाठीच्या दोन फळ्या मोडल्या. बाकावर कोणी नव्हते. सासरे व्हरांड्यात होते.

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, “जावईबापू, आज माझं नाव दुसऱ्याच पानावर छापून यायचं होतं.”

मी त्यांच्या हाताला धरून आत आणले. पत्नी स्वयंपाकघरातून आली, वडिलांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न पाहता आत गेली. व्हरांड्यात खुर्ची हलवल्याचा केवढा हा योगायोग.

समितीच्या नोंदवहीत ‘फांदी वाऱ्याने पडली’ असे लिहिले. मग आठवले की वारा नव्हता. ते शब्द खोडले. माझ्या नोंदींत खाडाखोड नसते. आज आहे.

अकरा क्रमांक यादीत नाही. निरोगी झाडाची फांदी वारा नसताना का पडावी?

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज बाराची पाळी होती. रजा घेऊन सातला खाली गेलो. मास्तरीणबाई आधीच झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. फळा काढून मांडीवर घेतला होता. भांडायला नाही, असे त्यांनी स्वतःच सांगितले. “शेवटपर्यंत बसते. तेवढी परवानगी लागते का?”

पत्नी मुकादमांना चहा देत होती आणि काहीतरी बोलत होती. मी गेल्यावर ती कप घेऊन बाजूला झाली. मुकादमांनी पिशवीतून लाकडी हातोडा काढला, झाडाभोवती फिरत चार ठिकाणी ठोकले आणि करवत खाली ठेवली.

“साहेब, हे कापायचं नाही.”

“का?”

“भरीव वाजतंय. तुम्हीच ऐका.”

त्यांनी पुन्हा ठोकले. आवाज आखूड आणि घट्ट आला. मग ते आपणहून शेजारच्या अकराकडे गेले आणि ठोकले. रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा आवाज आला.

“मला काय, तुम्ही म्हणाल ते कापतो,” मुकादम म्हणाले. “पण परत चिकटवता येत नाही.”

मी तिथेच उभे राहून तज्ज्ञांना फोन केला. आपला अहवाल सदोष असल्याचे त्यांना सौम्य शब्दांत सांगितले.

“बारा म्हणजे बाकाजवळचं ना?” ते म्हणाले.

“नाही. बाकाजवळचे अकरा.”

“कसं शक्य आहे? मी स्वतः आकडा घातलाय. तुमच्या मिसेसनी फीत धरली होती, त्यांना विचारा. तुम्ही मोजणी बदललीत का? जुळं झाड दोन धरलंत ना?”

एकच धरले, असे मी सांगितले.

“छातीच्या उंचीखाली दुभंगलं असेल तर दोन्ही खोडं वेगळी मोजतात, साहेब. शेवटच्या पानामागे टीप आहे.”

वर येऊन शेवटचे पान उलटले. टीप होती, दोन ओळींची. तीस वर्षे मी इतरांना सांगत आलो आहे की कागदाची मागची बाजू आधी पाहावी.

तज्ज्ञांची बेरीज चुकलेली नव्हती. मी बेरीज दुरुस्त केली आणि जुळ्याच्या पुढचे प्रत्येक झाड एका आकड्याने मागे सरकवले. यादी मात्र जिथल्या तिथे ठेवली. त्यामुळे बारा, सतरा, एकवीस ही माझी तिन्ही पिवळ्या पट्ट्याची झाडे निरोगी आहेत, आणि त्यांच्या अलीकडची तिन्ही, अकरा, सोळा, वीस, पोखरलेली. कागद बरोबर होता. पत्रा चुकला होता, आणि पत्रा मी बांधला होता. सासरे त्याच अकराखाली सहा वर्षे बसत होते.

तोडणी थांबवली. कारण विचारले तेव्हा ‘तांत्रिक’ एवढेच म्हणालो. मास्तरीणबाईंनी फळा पुन्हा फांदीला टांगला आणि काही न विचारता आत गेल्या.

त्याच दिवशी, दुपार

एक विचार आला तो लिहितो, कारण या वहीत खोटे लिहायचे नाही असे ठरवले आहे. दोन ते तीन या वेळात रस्त्यावर कोणी नसते. नव्या पट्ट्या रंगवून, दोऱ्या सोडून, अकराच्या जागी बारा बांधायला वीस मिनिटे पुरतील. पिवळा रंग टर्पेंटाइनने निघतो. अध्यक्ष आकडे पाहत नाहीत. उद्या मुकादमांना ‘फेरतपासणी झाली’ म्हणून सांगता येईल. तांत्रिकदृष्ट्या ते खोटेही ठरणार नाही.

टर्पेंटाइनची बाटली शोधायला कपाट उघडले. ती समोरच, फडक्यासहित ठेवली होती. पत्नी मागून म्हणाली, “हवी होती ना?”

“हो. पट्टे पुसायचे आहेत.”

“पुसा की. पण आधी पुसणार, की आधी सांगणार?”

मी बाटली घेऊन खुर्चीवर बसलो. तीन वाजले. खाली पाचजणी आल्या, फळ्यासमोर बसल्या, आणि मास्तरीणबाईंचा आवाज वर येऊ लागला. कोणीतरी काहीतरी चुकीचे लिहिले असावे, कारण बाई म्हणत होत्या, “खोडू नकोस. त्याच्या शेजारी बरोबर लिही, म्हणजे दोन्ही दिसेल.”

बाटली परत ठेवली.

१८ सप्टेंबर, बुधवार

सूचनाफलकावर पुढील मजकूर लावला:

‘वृक्षसमितीच्या सचिवाने वृक्षतज्ज्ञांच्या मोजणीत चुकीचा बदल केल्यामुळे तीन निरोगी झाडांना पिवळा पट्टा लागला आणि तीन धोकादायक झाडे यादीबाहेर राहिली. बाकावर पडलेली फांदी त्यांपैकीच एकाची होती. चूक सर्वस्वी सचिवाची आहे. अकरा, सोळा व वीस या पट्ट्यांच्या झाडांखाली कोणीही थांबू नये. रविवारच्या सभेत सचिव राजीनामा सादर करील.’

लावताना अध्यक्ष मागे येऊन उभे राहिले. “अहो, एवढं कशाला? ‘किरकोळ दुरुस्ती’ म्हटलं असतं तर चाललं असतं की.”

“चालले असते,” मी म्हणालो, “म्हणूनच लिहिले नाही.” हे वाक्य मला सुचले याचे माझे मलाच आश्चर्य वाटले.

मग मास्तरीणबाईंच्या दारी गेलो आणि माफी मागितली. त्यांनी बसायला सांगितले, पाणी दिले. “ऑडिटरसाहेब, माझ्याकडून एकदा एक हुशार मुलगी नापास झाली होती. उत्तरपत्रिकेची पुरवणी मी पाहिलीच नव्हती.”

“मग?”

“मग तिच्या घरी गेले. आत्ता तुम्ही आलात ना, तशीच. पाणी प्या.”

२२ सप्टेंबर, रविवार

सभा. मी उभे राहून सर्व हकीकत वाचली. मग मागून कोणीतरी, “म्हणजे ऑडिटरचंही ऑडिट झालं!” आणि सगळी सभा हसली. मीही हसलो असे पत्नी म्हणते. मला तशी आठवण नाही.

राजीनामा पुढे केला. सासरे सभासद नाहीत, तरी हात वर करून उभे राहिले. “ज्याच्या डोक्यावर फांदी पडायची राहिली तो मी. मला बोलायचा हक्क आहे की नाही? हा माणूस चुकला. पण चुकलो म्हणून फलकावर लिहिणारा दुसरा आणायचा कुठून? ठेवा यालाच. फक्त मोजायला सोबत कोणीतरी द्या.”

अध्यक्षांनी राजीनामा माझ्याच खिशात परत घातला. मास्तरीणबाईंनी सूचना मांडली की समितीत आणखी एक सदस्य असावा, आणि तो पाहणीच्या दिवशी हजर असलेला असावा. तशी व्यक्ती एकच होती. पत्नीची सहसचिव म्हणून निवड झाली. तिने आढेवेढे घेतले नाहीत. पर्समधून घड्या घातलेला एक कागद काढून तिने माझ्या हातात दिला. पाहणीच्या दिवशी तज्ज्ञ बोलत गेले तसे तिने त्यावर लिहून घेतले होते: ‘फाटकाजवळचं तिसरं. बाकाजवळचं. टाकीसमोरचं. शेवटच्या दिव्याच्या अलीकडचं.’ एकही आकडा नाही आणि चारही झाडे बरोबर.

“आधी का नाही दाखवलास?”

“बाकाचं सांगितलं होतं ना. तुम्ही म्हणालात, निष्कर्ष काढता येत नाहीत.”

ही नोंद माझ्या चार तारखेच्या पानाशी जुळते.

२८ सप्टेंबर, शनिवार

उरलेली तीनही झाडे उतरवली. तिन्ही पोकळ. बाकाजवळच्या खोडात सासऱ्यांनी छडी घालून पाहिली; ती मुठीपर्यंत गेली. मग त्यांनी स्वतःच्या छातीवर दोन टिचक्या मारल्या आणि मुकादमांना विचारले, “हे कसं वाजतंय बघा जरा.” मुकादमांनी गंभीरपणे कान लावला. “भरीव आहे, आजोबा. राहू द्या उभं.”

निघताना मी मुकादमांना विचारले की त्या दिवशी बारा ठोकून पाहावे असे त्यांना कसे सुचले. ते हसले. “चहा चांगला होता, साहेब.” यातून बोध होत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

आज चार रोपे लावली. खड्डे प्रत्येकी तीन फूट लांब, रुंद व खोल. मी मोजले, सहसचिवांनी पुन्हा मोजले. एक खड्डा अर्धा इंच कमी भरला; चूक माझ्याच मोजणीची होती. तज्ज्ञांच्या सल्ल्याने या वेळी एकाच जातीची रोपे घेतली नाहीत: बकुळ, करंज, कांचन आणि बाकाजवळ जांभूळ. बाकाच्या दोन फळ्या नव्या बसवल्या असून सासरे आजपासून आपल्या जागी परतले आहेत. जांभळाचे रोप त्यांच्या गुडघ्याएवढे आहे. ते त्याला वर्तमानपत्रातले मथळे मोठ्याने वाचून दाखवतात.

सर्व पट्ट्या नव्याने केल्या. आकडे मी घालणार नाही असे ठरवले होते. ते मास्तरीणबाईंच्या पाचजणींनी रंगवले, अक्षरांत. त्यामुळे पट्ट्या लहान-मोठ्या आहेत, ‘अठरा’चा ‘रा’ खाली घसरला आहे, आणि बारावी पट्टी वर्गातल्या त्या नाव लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने रंगवून कोपऱ्यात आपली सहीही केली आहे. मी आक्षेप घेतला नाही. जुळ्याला दोन पट्ट्या बांधल्या, आठ आणि नऊ. बूड एक असले तरी खोडे दोन धरायची, ही पद्धत मला आता पटली आहे. एकूण झाडे चोवीस.

यापुढे समितीच्या प्रत्येक नोंदीवर दोन सह्या असाव्यात असा ठराव आहे. ही वही समितीची नसली तरी तिचा शेवटही त्याच नियमाने करावा, असे वाटले. म्हणून आज प्रथमच ती खणातून काढून पत्नीपुढे ठेवली आणि हवी असल्यास सुरुवातीपासून वाच, असे सांगितले. तिने मागचे एकही पान न उलटता लगेच सही केली. माझ्या शब्दावरचा तिचा हा विश्वास पाहून मला अत्यंत समाधान वाटले.

(सही)
सचिव, वृक्षसमिती
मधल्या रस्त्यावरील बाक, सकाळ
१० नोव्हेंबर

तपासले. बरोबर आहे. अकरा तारखेच्या पानावरचंही; ऊन बाकावर खरंच येत नव्हतं.
(सही) सहसचिव